हाऊसवाईफ : एका शब्दाचं माहेर

(कौटुंबिक सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी आपण पोटगीची कलमं पाहिली. आता जेवणं झाली आहेत, डोळे जड व्हायची वेळ आहे, म्हणून मी कायदा सांगणार नाही. एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे. हा शब्द इंग्रजी आहे, पण आपण सगळ्या तो रोज वापरतो. निदान मी तरी वापरत होते. त्यानं माझ्या हातून एक चूक करवली, तिथूनच सुरुवात करते.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात एक बाई आली. लग्नाला २२ वर्षं झालेली. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती आणि हिला माहेरी धाडलं होतं. मी समोर बसून फॉर्म भरत होते. नाव, वय, शिक्षण, मुलं किती. मग विचारलं, व्यवसाय? ती म्हणाली, ''काही नाही ताई, घरीच असते.'' मी लिहिलं, एच. डब्ल्यू. म्हणजे हाऊसवाईफ. समाजकार्याच्या शिक्षणात केस-पेपर लिहिताना हीच सवय लागलेली. तिची दोन अक्षरं लिहायला एक सेकंदही लागत नाही.

पुढं दोन्ही बाजूंची बैठक झाली. ती म्हणाली, ''पोटगी तर हवीच. पण चार म्हशी आहेत, त्यातल्या दोन मला द्या. त्या मी पारडं असल्यापासून वाढवल्यात.'' नवऱ्याच्या बाजूनं एक शिकलेला भाचा आला होता. टेबलावर उघडा पडलेला फॉर्म त्यानं वाचला. तो तसा पडू दिला हीही चूक माझीच. तो म्हणाला, ''इथं लिहिलंय की मामी हाऊसवाईफ. म्हणजे दुधाचा धंदा मामांचा. डेअरीचं कार्डपण मामांच्याच नावावर आहे.'' बाई एवढंच म्हणाली, ''म्हशी माझ्या हाकेला येतात. यांना त्यांची नावं तरी सांगू देत.'' कुणीतरी हसलं आणि विषय पुढं गेला.

कोर्टातून तिला पोटगी मिळाली. म्हशी मिळाल्या नाहीत.

मी फॉर्ममध्ये खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तिनं सांगितलं तेच लिहिलं होतं. मग २२ वर्षांची वैरण, शेण, धारा, पहाटे चारचं उठणं, हे सगळं त्या दोन अक्षरांत कुठं गडप झालं? या प्रश्नानं मी शब्दकोश उघडले. मी भाषाशास्त्राची अभ्यासक नाही. पण एखादी बाई आपल्याकडं आली की आपण विचारतो ना, माहेर कुठलं, माणसं कोण, सासरी आल्यावर काय झालं? तेच प्रश्न मी या शब्दाला विचारले.

हा जोडशब्द आहे. 'हाऊस' आणि 'वाईफ'. 'घर' आणि 'बायको', असं आपण म्हणू. पण इथंच पहिली ठेच लागते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'हूस' म्हणजे घर, आणि 'वीफ' म्हणजे बाई. नुसती बाई. लग्न झालेली, न झालेली, विधवा, कुणीही. कुणाची तरी बायको हा अर्थही त्याला होता, पण मूळचा, रुंद अर्थ बाई हाच. गंमत म्हणजे बाईसाठीचा हा शब्द त्यांच्या व्याकरणात नपुंसकलिंगी होता!

तो जुना अर्थ आजही काही जोडशब्दांत जिवंत आहे. सुईणीला इंग्रजीत 'मिडवाईफ' म्हणतात. त्यातलं 'मिड' म्हणजे 'सोबत', आणि 'वाईफ' म्हणजे बाई. बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई, ती मिडवाईफ. 'फिशवाईफ' म्हणजे मासे विकणारी बाई. तिचा नवरा कोळी आहे की सुतार, याच्याशी त्या शब्दाला कर्तव्य नाही. खुद्द 'वुमन' हा शब्दसुद्धा याच 'वीफ'पासून झालाय. तो मूळचा 'वीफमन'. 'मन' म्हणजे तेव्हा माणूस, बाई किंवा पुरुष कुणीही. म्हणजे 'वीफमन' हा अगदी आपला 'बाईमाणूस'! पुढं 'मॅन' हा शब्द पुरुषांनी एकट्यानं ताब्यात घेतला. आपल्याकडंही 'माणूस' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं, ते तुम्हीच बघा.

आपल्या 'बायको' शब्दाचंही असंच आहे. अनेकवचनात 'बायका' म्हणजे स्त्रिया. एकवचनात मात्र 'बायको' म्हणजे कुणाची तरी पत्नी. दहाजणी जमल्या तर बायका, एकटी असली तर कुणाची तरी. इंग्रजीत तेच झालं. बाईसाठीचा शब्द आकसत आकसत पत्नी एवढाच उरला.

तर १३ व्या शतकाच्या सुरुवातीच्या लिखाणात 'हुसवीफ' असा जोडशब्द आढळतो. अर्थ, घर चालवणारी बाई, घराची कर्ती.

आता याच घरात राहणारा दुसरा जोडशब्द घेऊ. 'हझबंड'. आपल्याला तो जोडशब्द वाटत नाही, पण आहे. त्यातही तेच 'हुस', म्हणजे घर. हा शब्द उत्तरेकडून, नॉर्स बोलणाऱ्या लोकांबरोबर इंग्लंडात आला. मूळ रूप 'हुसबोंदी'. 'बोंदी' म्हणजे वस्ती करून राहणारा, जमीन कसणारा, वतनदार शेतकरी. म्हणजे 'हझबंड' हा मुळात घरधनी. बायकोशी त्याचा काही संबंध नव्हता. घर आणि जमीन ज्याच्याकडं, तो हझबंड. नवरा हा अर्थ त्याला नंतर, १३ व्या शतकाच्या सुमारास चिकटला. आजही शेतीला इंग्रजीत 'हझबंड्री' म्हणतात. आपल्या पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी नावात हाच शब्द आहे. 'अॅनिमल हझबंड्री'. म्हशी सांभाळण्याच्या कामाचं नावच नवऱ्यावरून! माझ्या त्या बाईला मी हे सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती कुणास ठाऊक.

आता दोन्ही शब्द शेजारी ठेवा. दोघांतही घर आहे. पण त्याच्या शब्दाचा दुसरा भाग त्याचा हक्क सांगतो : राहतो, कसतो, धारण करतो. तिच्या शब्दाचा दुसरा भाग एवढंच सांगतो की ती बाई आहे. ती काय करते हे त्यात नाही, तिचं काय आहे हे त्यात नाही. घर अधिक हक्क म्हणजे हझबंड. घर अधिक बाईपण म्हणजे हाऊसवाईफ. शब्द जन्मला तेव्हाच वाटणी झालेली होती.

आपण त्यांना हसायचं कारण नाही. आपला 'गृहस्थ' घ्या. गृह अधिक स्थ, म्हणजे घरात राहणारा. शब्दशः तोच 'घरीच असतो'. पण 'एक गृहस्थ भेटले' म्हटलं की कुणी विचारतं का, की ते घरीच असतात की काही करतात? आणि 'गृहिणी' म्हटलं की हाच प्रश्न पहिला. घर तेच. एकाला त्यानं प्रतिष्ठा दिली, दुसरीला बेकारी.

आता ही हुसवीफ दिवसभर करायची काय? १५२३ साली इंग्लंडात शेतीवर एक पुस्तक छापलं गेलं. फिट्झहर्बर्ट नावाच्या लेखकाचं. त्यात शेतकऱ्याच्या बायकोची कामं दिली आहेत. झाडलोट करायची, गाई पिळायच्या, वासरांना पाजायचं, नवरा-मुलांचं खाणं करायचं, दळण पाठवायचं, पाव भाजायचा, बिअर गाळायची, लोणी-चीज करायचं, डुकरं-कोंबड्या पाहायच्या, अळशी आणि ताग पेरायचा, त्याचं सूत काढायचं, धान्य उफणायचं, गवत कापायचं, वेळ पडली तर नवऱ्याला शेणखताची गाडी भरू लागायचं, आणि बाजारात जाऊन लोणी, अंडी, कोंबड्या विकायच्या. लिहिणारा पुरुष. बाईला हे सगळं जमलं पाहिजे, असं सांगणारा. १६१५ साली गर्व्हेस मार्कम या दुसऱ्या पुरुषानं अख्खं पुस्तकच लिहिलं, 'द इंग्लिश हाऊसवाईफ'. त्यात औषधपाणी आणि जखमा बांधण्यापासून अर्क काढणं, लोकर, दुधदुभतं, दारू गाळणं असे भाग आहेत. आजच्या हिशोबानं एका बाईत दवाखाना, डेअरी, बेकरी आणि कापडाचा कारखाना!

म्हणजे त्या काळी घर हीच उत्पादनाची जागा होती. त्यामुळं 'घर चालवते' याचा अर्थ 'काही करत नाही' असा होणं शक्य नव्हतं. बायकांच्या कामांना तेव्हा वेगळी नावंही होती. जुन्या इंग्रजीत 'स्टर' हा प्रत्यय काम करणाऱ्या बाईसाठी लागायचा. दारू गाळणारी ती 'ब्रूस्टर', विणणारी ती 'वेबस्टर', पाव भाजणारी ती 'बॅक्स्टर', सूत कातणारी ती 'स्पिन्स्टर'. पहिली तीन नावं आज इंग्रजांची आडनावं होऊन बसली आहेत, बापाकडून मुलाकडं जातात. स्पिन्स्टरचं काय झालं? १७ व्या शतकापासून कायद्याच्या कागदांत तो अविवाहित बाईचा शिक्का झाला. हातातलं काम गेलं आणि तिचं लग्न झालंय की नाही एवढंच राहिलं. इंग्लंडच्या विवाह-नोंदणीत हा शब्द थेट २००५ पर्यंत लिहिला जात होता.

एवढंच काय, 'लेडी' म्हटलं की आपल्याला झुळझुळीत कपड्यातली, कामाला हात न लावणारी बाई आठवते. त्या शब्दाचं मूळ आहे पाव मळणारी! आणि 'लॉर्ड' म्हणजे पाव राखणारा. मळणारी एक आणि राखणारा दुसरा. हे आपल्याला नवीन नाही.

मग ही भरल्या घराची कर्ती रिकामी कशी झाली? ती रिकामी झालीच नाही. पैसा देणारी कामं एकेक करून तिच्या घरातून बाहेर नेली गेली. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून १४ व्या शतकात बिअरसारखी एल नावाची दारू गाळून विकणाऱ्या बहुतेक बायका होत्या. १६०० च्या सुमाराला धंद्यात भांडवल आणि नफा वाढला, तसा तो मुख्यतः पुरुषांच्या हातात गेला. सूतकताई हे घराघरातल्या बायकांचं कमाईचं काम होतं. १७७१ मध्ये आर्कराईटनं क्रॉमफर्डला पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी काढली आणि पुढच्या ५०-६० वर्षांत घरचा चरखा बंद पडत गेला. गरीब बायका आणि मुलं गिरणीत गेली, नाहीतर दुसऱ्यांच्या घरी मोलकरणी झाली. गरिबाच्या बाईला नुसतं घरात बसणं तिकडंही कधी परवडलं नाही. मध्यमवर्गाच्या घरात मात्र मागं उरलं ते स्वयंपाक, धुणं, पोरं, दुखणंबाणं. ज्याला बाजारात भाव नाही तेवढं काम. आणि त्या उरलेल्या कामाच्या बाईचं नाव, हाऊसवाईफ.

कायद्यानं त्यावर कुलूप लावलं. लग्न झालं की नवरा-बायको ही कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा, असा इंग्रजी कायदा होता. ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं १७६५ मध्ये तो ग्रंथात मांडून ठेवला. बायकोची मिळकत नवऱ्याची, तिची मजुरीही नवऱ्याची. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी हे सुटायला सुरुवात झाली.

शब्दाची स्वतःची अब्रूही या वाटेवर गेली. पूर्वी 'हुसवीफ'चा उच्चार घाईत 'हझिफ' असा व्हायचा. त्याचं आणखी आखूड रूप झालं 'हसी'. १६ व्या शतकात हसी म्हणजे घरची बाई, संसारी बाई. १७ वं शतक अर्धं होईपर्यंत हसी म्हणजे चवचाल, उठवळ बाई! एकाच आईच्या दोन लेकी. एक 'हाऊसवाईफ' म्हणून देवघरात बसवली, दुसरी 'हसी' म्हणून उंबऱ्याबाहेर काढली. बाईच्या चांगल्या-वाईट अशा दोन जाती पाडायच्या आणि त्यांना एकमेकींविरुद्ध उभं करायचं, हे आपण रोज पाहतो. 'मिस्ट्रेस' म्हणजे मालकीण, तिची झाली ठेवलेली बाई. 'मास्टर' मात्र मास्टरच राहिला. मराठीत अहिल्याबाईंच्या नावातला 'बाई' मानाचा आहे, पण 'त्यानं बाई ठेवलीय' म्हटलं की? पुरुषासाठीच्या शब्दांना असा घसरगुंडीचा रस्ता सहसा भेटत नाही.

आणि एक 'हाऊसवाईफ' तर चक्क वस्तू झाली. सुया, दोरा, बटणं ठेवायच्या गुंडाळीच्या कापडी पिशवीला इंग्रजीत 'हाऊसवाईफ' म्हणत. इंग्रज शिपाई ती सामानात बाळगत, दुसऱ्या महायुद्धापर्यंत. घरची बाई बरोबर नाही, तर तिच्या कामापुरती पिशवी.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. आपल्या फॉर्मचा बाप तिथं आहे. इंग्लंडच्या १८५१ च्या शिरगणतीत घर सांभाळणाऱ्या बायका आणि आयांच्या कामाला एक मोठा वर्ग म्हणून स्थान होतं. अहवालात त्यांच्या कामाचं महत्त्व सांगितलेलं होतं. ३० वर्षांनी, १८८१ च्या शिरगणतीत, त्याच बायकांना काहीही व्यवसाय नसलेल्यांच्या वर्गात टाकलं गेलं. काम तेच होतं. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नाव गेलं आणि लाखो बायका कागदावर रिकाम्या झाल्या. शिरगणतीची ही रीत त्याच राज्यकर्त्यांनी आपल्याकडं आणली. देशभर एकाच वेळी झालेली आपली पहिली शिरगणतीही १८८१ चीच.

राज्य गेलं, रकाना राहिला. २००१ च्या जनगणनेत स्वयंपाक, भांडी, मुलं, पाणी, सरपण यांत दिवस घालवणाऱ्या बायका 'काम न करणारे' या गटात होत्या. त्याच गटात भिकारी, वेश्या आणि कैदी होते. हे आपलं चळवळीतलं भाषण नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या एका निकालात यावर ताशेरे ओढले आहेत. अशा बायका सुमारे ३६ कोटी आहेत, असंही त्यात नोंदलंय. प्रकरण होतं अपघातात वारलेल्या एका गृहिणीचं. लवादानं नुकसानभरपाईचा हिशोब ६ लाखांचा केला आणि मग, ती प्रत्यक्षात कमावती नव्हती, असं म्हणून दिले अडीच लाख. सर्वोच्च न्यायालयानं ६ लाख दिले. मधले साडेतीन लाख म्हणजे या शब्दाची किंमत.

इथं आणखी एका जोडशब्दाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'इकॉनॉमी'. अर्थव्यवस्था. हा मूळ ग्रीक. 'ओइकोस' म्हणजे घर, आणि दुसरा भाग व्यवस्था लावणं, नियमन करणं. म्हणजे इकॉनॉमी या शब्दाचा मूळ अर्थच घर चालवणं! घर चालवण्याच्या नावावर एवढं मोठं शास्त्र उभं राहिलं आणि त्यानं घर चालवणारीलाच हिशोबाबाहेर ठेवलं.

आपण आजवर गप्प होतो असं नाही. १९७२ पासून इटली, इंग्लंड, अमेरिकेत बायकांनी घरकामाला वेतन द्या अशी मोहीम चालवली. त्यावर आपल्यात मतभेद आहेत. वेतन मिळालं तर बाई चुलीलाच जखडली जाईल, असं काहीजणी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण घरकाम हे काम आहे, हे त्या मोहिमेनं जगाला ऐकवलं. दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. आंध्रातल्या नरसापूर भागात बायका घरात बसून लेस विणतात. ती परदेशी विकली जाते. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथं राहून १९८२ साली पुस्तक लिहिलं. दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या बायांना व्यापारी कामगार मानतच नव्हते. त्या गृहिणी, फावल्या वेळात विणतात, म्हणून मजुरी कितीही कमी दिली तरी चालते. मीस यांनी याला नाव दिलं, त्याला आपण 'गृहिणीकरण' म्हणू. बाई घरात आहे म्हणून तिला स्वस्त मजूर करता येत नाही, तर तिला आधी 'हाऊसवाईफ' ठरवायचं, म्हणजे ती आपोआप स्वस्त होते. सोलापूरच्या विड्या वळणाऱ्या बाया, पापड लाटणाऱ्या, उदबत्त्या करणाऱ्या, तुमच्या आमच्या वस्तीतल्या आहेत. त्यांच्या फॉर्मवर आपण काय लिहितो, ते आठवून बघा.

आता कुणी म्हणेल, मग शब्द बदलू या. बदललाच आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. त्यात हाऊसवाईफ ऐवजी 'होममेकर' म्हणा असं सुचवलं आहे. मला ते आवडलं. निदान या शब्दाच्या दुसऱ्या भागात क्रियापद आहे. ती काहीतरी घडवते, एवढं तरी त्यात आहे. आपला खेड्यातला जुना शब्द 'घरकरीण' तेच सांगतो. घर करणारी. 'कारभारीण' त्याहून जोरकस.

पण नुसत्या नावानं भागत नाही. 'गृहलक्ष्मी' म्हणून आपली काय कमी आरती झाली? सरकारी वेळ-वापर पाहणी बघा. २०१९ मध्ये घरचं विनामोबदला काम करणाऱ्यांत बाईचा दिवसाला सरासरी वेळ होता २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. आणि हे काम मुळात करणारे पुरुष शंभरात २६. बायका शंभरात ८१. २०२४ च्या पाहणीत बाईची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं! म्हणजे हाऊसवाईफची होममेकर झाली तरी भांडी तेवढीच आहेत. २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच मुख्य काम असं सांगणाऱ्या बायका १५ कोटी ९८ लाखांवर होत्या आणि पुरुष ५८ लाखांच्या आत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच आकडे देऊन घरकामाचं मोल धरायला सांगितलं. पण बघा, हे मोल बाई मेल्यावर, अपघाताच्या खटल्यात धरलं जातं. जिवंत असताना ते धरायचं कुणी? ते काम आपल्यासारखीचं आहे. आपण रोज फॉर्म भरतो.

एक सावधगिरी सांगते, कारण सकाळी पोटगीवर बोलताना काहीजणी अस्वस्थ झाल्या होत्या. पोटगीसाठी 'उत्पन्न नाही' हे लिहावंच लागतं, आणि ते खरं असतं. पण 'उत्पन्न नाही' आणि 'काम नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाऊसवाईफ हा शब्द त्या दोन्हींना एका गाठीत बांधतो. आपल्याला ती गाठ सोडवायची आहे. २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यासाठी माहिती आपल्या पहिल्या भेटीतच गोळा व्हायला हवी.

आमच्या केंद्रात आम्ही फॉर्म बदललाय. 'व्यवसाय' हा एक रकाना काढून तीन केले. पहिला : सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय काम करता? इथं एच. डब्ल्यू. लिहायला बंदी आहे. दुसरा : त्यातल्या कोणत्या कामाचा पैसा घरात येतो, आणि तो कुणाच्या हातात पडतो? तिसरा : घर, जमीन, जनावरं, डेअरीचं कार्ड, बँकेचं खातं कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला पत्नीचं नाव लागतं. ते लागलंय का हे बाई संकटात सापडल्यावर बघून उपयोग नाही, बचत गटाच्या बैठकीतच बघा. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' म्हणून गावोगाव बायकांच्या नावावर जमीन करायची मोहीम चालवली होती. म्हणजे मनात आणलं तर होतं. लक्ष्मी नुसती म्हणायची नसते, तिच्या नावावर काहीतरी लावायचं असतं.

या तीन रकान्यांना एका बाईमागं अर्धा तास जास्त लागतो. आमच्यातल्या काहीजणींनी कुरकुर केली, रांग मोठी असते म्हणून. खरं आहे. पण पहिला रकाना भरताना समोरची बाई हळूहळू ताठ बसायला लागते, हे मी बघितलंय. 'काही नाही ताई' म्हणणारी बाई दहा मिनिटांनी म्हणते, ''थांबा, अजून एक राहिलं, ते पण लिहा.''

ती म्हशींवाली बाई मध्ये भेटली होती. भावाच्या गोठ्यात काम करते. मी तिला नवा फॉर्म दाखवला, तुमच्यामुळं केलाय म्हटलं. तिनं तो नीट पाहिला आणि म्हणाली, ''चांगलं केलंत. पण माझ्या वेळी का नव्हता?''

याला माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्या केंद्रात उद्या जी पहिली बाई येईल, तिच्यावर हे विचारायची वेळ येऊ नये, एवढंच मला सांगायचं होतं. आता गटांत बसून तुमचे फॉर्म काढा आणि तो रकाना कुठं आहे ते आधी शोधा.